पान अकरा

खानोलकर सर म्हणाले, दीडशे शब्द पुरेत.
मथळा त्यांनीच दिला: 'शहरातलं राहणं आणि विरंगुळा'.
बाहेरगावच्या मुलांना कळू द्या,
इथे हिरवळ आहे, नदी आहे,
नुसते वर्ग आणि हजेरी नाही.

फीच्या पावत्यांचा गठ्ठा बाजूला सारून
मी लिहिलं: खारघर हिरवं आहे.
आणि थांबले.
जूनपासून दसऱ्यापर्यंत, हे घालायचं राहिलं.
होळीनंतर डोंगर पार बोडका होतो
आणि रात्री त्याच्या अंगावरून
वणव्याची बारीक रेघ सरकत जाते.
वसतिगृहाच्या गच्चीवर चटया टाकून
मुलं ती बघत पडतात, शेंगा खात.
हाही विरंगुळाच, पण माहितीपत्रकात कसा बसवू?

नदीचं त्याहून अवघड.
गेल्या वर्षी सिरोंच्याहून आलेला व्यंकटी दुर्गम
प्रवेशाच्या खिडकीत डोकं घालून
सगळ्यात आधी विचारता झाला,
नदी कुठल्या बाजूला?
त्याच्या गावाशी प्राणहिता गोदावरीला मिळते,
थंडीत पलीकडचा काठ दिसतही नाही म्हणे.
रविवारी त्याला कामोठ्याकडच्या पुलावर नेलं.
भरतीची वेळ.
गाढीचं पाणी डोंगराकडे निघालेलं,
वर थर्माकोलचा एक तुकडा, त्यावर बगळा.
बराच वेळ बघून तो म्हणाला,
मॅडम, ही उलटी वाहते.
म्हटलं, सहा तास. मग सुलटी.
आमच्याकडे नदीलाही दोन पाळ्या असतात.

हसला नाही तो.
पण पुढच्या रविवारी ओहोटीला
कोपऱ्याच्या हौसाबाईंमागे गुडघाभर चिखलात उतरला,
चिंबोरी कुठून धरायची ते शिकला,
म्हणजे आधी चुकीची धरून.
सोमवारी अंगठ्याला पट्टी बांधून प्रॅक्टिकल.

आणखी काय लिहू?
सेक्टर बाराच्या बंद रस्त्यावर रात्री दहाला
नर्सिंगच्या मुली बॅडमिंटन खेळतात.
जाळी नाही, दोन सोनमोहोरांना बांधलेली ओढणी आहे.
गुण वॉचमन रामसजीवन मोजतो
आणि जी हरत असेल तिला
आठवणीने दोन जास्त देतो.
याला 'क्रीडा सुविधा' म्हणतात का, सरांना विचारायला हवं.

सेंट्रल पार्कात पहाटे सगळे गोल फिरतात.
एकच माणूस तिरका जातो.
थेट हिरवळीतून, वीसेक पावलं सरळ,
मग काटकोनात वळून पुन्हा सरळ,
पावलापुढे पाऊल, हात जरासे पसरून,
जणू वाट वीतभरच रुंद आहे
आणि दोन्हीकडे पाणी.
शिट्टी वाजते. माळी ओरडतो, गवतावरून खाली व्हा.
"यो बांद हाय," तो म्हणतो,
आणि बांध संपेपर्यंत थांबत नाही.

तो माझा बाप.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर त्याने चार मजले चढवले,
वरच्या दोन्हींत तुमचीच मुलं राहतात, सर.
दुःखी वगैरे नाही तो.
बटाटावडा आवडतो, टीव्हीवर कुस्ती आवडते,
फक्त चालायला त्याला स्वतःचीच जागा लागते.

हल्ली त्याच्यामागे व्यंकटी चालतो,
जिथे तो वळेल तिथेच वळतो.
व्यंकटीमागे ओढणीवाल्या दोघी,
मागची खिदळते, तोल जातो,
आणि बाप वळून न बघता म्हणतो,
पडलीस ना पाण्यात!

शब्द केव्हाच दीडशेच्या पुढे गेले.
सर, कापा तुम्ही.
हिरवळ कापा, वणवा तर कापालच,
बापाला मी स्वतःच खोडते.
नदी राहू द्या.
फक्त 'वाहते'च्या आधी
'दोन्हीकडे' असं लिहिलंय मी, पेन्सिलने,
ते छापताना गाळू नका.